गाण्यावरून ठेवलेलं नाव

नमस्कार, श्रोतेहो.

आपल्याकडे बाळाचं नाव ठरताना आईबापाला विचारतं कोण? पत्रिकेतलं अक्षर असतं, वारलेल्या आजोबांचं नाव असतं, कुलदैवत असतं. शेवटी पाळण्यात वाकून कानात ‘कुर्रर्र’ करायचा मान आत्याचा. आपलं सोलापूर तर सिद्धरामेश्वरांचं गाव, त्यामुळे गल्लीगल्लीत सिद्धाराम, सिद्धेश्वर, मल्लिनाथ. फार मोलाची नावं आहेत ती. पण आज मला बोलायचंय ते आईबापांनी आपल्या मनानं, एखाद्या गाण्यावरून, सिनेमावरून ठेवलेल्या नावांबद्दल.

माझं नाव रजनीगंधा. १९७४ मध्ये बासू चटर्जींचा त्या नावाचा चित्रपट आला. गीतकार योगेश, संगीत सलील चौधरींचं, आणि नावाचं गाणं लताबाईंच्या आवाजात. माझी आई विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू, कोनाड्यात रेडिओ. मजुरी हजार विड्यांमागे मिळते, हे विडी कामगारांच्या घरात वाढलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. हात थांबवणं परवडत नाही. ते गाणं लागलं की मात्र आईचा हात थांबायचा.

बारशाला आत्यानं विचारलं, “वैनी, हे काय नाव ठेवलालाव?” पत्रिकेत अक्षर वेगळंच निघालं होतं. आई म्हणाली, “पत्रिकेतलं पाळण्यात ठेवा. हाक मारायचं नाव माझं.” आणि तसंच झालं.

सिनेमावरून नाव ठेवणं म्हणजे उथळपणा, असं म्हणणारी माणसं मला आजही भेटतात. त्यांना मी आईबद्दल सांगते. शाळा किती शिकायची, लग्न कधी आणि कुणाशी, पोटासाठी काम कोणतं, यातलं काहीही तिनं ठरवलेलं नव्हतं. लेकीचं नाव तिनं ठरवलं. म्हणून माझ्या लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहायची वेळ आली, तेव्हा मी नाव बदलू दिलं नाही. आणि माझ्या नवऱ्यानं ते मनापासून मान्य केलं, हेही इथे सांगायला हवं.

देवाची नावं आणि रेडिओवरची नावं एकमेकांच्या विरोधात उभी करायचं कारण नाही. १ एप्रिल १९५५, रामनवमीचा दिवस. गदिमा आणि सुधीर फडके यांचं ‘गीतरामायण’ पुणे केंद्रावरून सुरू झालं आणि वर्षभर छप्पन्न गीतं घराघरांत गेली. त्या वर्षी जन्मलेली एखादी सीता, एखादा कुश तुमच्या घरात असेल, तर विचारा त्यांना: तुमचं नाव पोथीतून आलं की रेडिओतून?

आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस चीनमध्ये जखमी सैनिकांची सेवा करता करता १९४२ मध्ये गेले. त्यांच्या मुलाचं नाव भारत आणि चीन या दोन देशांची नावं जोडून ठेवलं होतं. ते काही गाण्यावरून आलेलं नाही, पण आईबाप कोणत्या काळात जगले, कशावर जीव लावून होते, ते त्या नावात उतरलं आहे. गाण्यावरच्या नावात मला तेच दिसतं.

मी शाळेत शिकवते. माझ्या वर्गात एक आर्ची आहे. २०१६ मध्ये ‘सैराट’ आला, दिग्दर्शक नागराज मंजुळे आपल्याच करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, नायिका रिंकू राजगुरू अकलूजची. आपल्या जिल्ह्याची बोली पडद्यावर ऐकून पूर्व भागातल्या यंत्रमागाच्या गल्ल्यांपासून उसाच्या फडापर्यंत माणसं हरखून गेली होती. या मुलीचे वडील टॉवेलच्या कारखान्यात कामाला आहेत. पालकसभेला त्यांनी मला हळूच विचारलं, “मॅडम, दाखल्यावर अर्चना करून घेऊ का? पुढं पोरीला कुणी हसायला नको.” मी म्हटलं, “तिला आवडतं का, ते आधी विचारा. आणि नाव का ठेवलं, ते तिला सांगितलंत का कधी?” सांगितलं नव्हतं.

श्रोतेहो, हे सांगायचं राहून जातं. सिनेमा कुठे पाहिला, सोबत कोण होतं, गाणं कुणाला पाठ होतं, हे मुलांना कळत नाही आणि नाव नुसतं पडद्यावरचं वाटू लागतं. आर्चीच्या वडिलांनी त्या संध्याकाळी तिला सगळं सांगितलं. सिनेमाला जायला त्यांनी पाळी बदलून घेतली होती, आणि तेव्हा आर्ची आईच्या पोटात होती. दुसऱ्या दिवशी तिनं ते अख्ख्या वर्गाला उभं राहून सांगितलं. दाखल्यावर आर्चीच आहे.

नमस्कार.