खाच नसलेलं यंत्र

(एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेतील भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. ओळख करून देताना अध्यक्षांनी मला 'तंत्रज्ञ' म्हटलं. मोठा शब्द झाला. मी दुरुस्तीवाला आहे. खिशात मावणारे गेमचे कन्सोल, म्हणजे गेम खेळायची यंत्रं, उघडायचे, साफ करायचे, बिघडलेला भाग बदलायचा आणि स्क्रू न उरवता परत बंद करायचे, हा माझा धंदा. त्यामुळे आज जे बोलेन ते टेबलाच्या या बाजूने बघितलेलं असेल.

सुरुवातीला एक वस्तू तुमच्यात फिरवतो. पहिल्या रांगेतले काका, ही धरा. बघून झालं की मागे द्या. शेवटच्या रांगेपर्यंत जाऊ दे, पण परत आणा, माझी आहे.

ही यूएमडी. सोनीच्या पीएसपी या कन्सोलची चकती. पीएसपी जपानमध्ये डिसेंबर २००४ मध्ये आला, अमेरिकेत मार्च २००५ मध्ये. चकतीचा व्यास ६० मिलिमीटर, म्हणजे मारी बिस्किटाएवढी. तिच्यात १.८ जीबी मावायचे, साधारण अडीच सीडींचा ऐवज. आणि तिला ही प्लास्टिकची डबी कायमची चिकटलेली. उलटी करून बघा, मागे एक उघडी खिडकी आहे. लेझर तिथून वाचतो. त्या खिडकीला झडप नाही. ज्याने कोणी झडप वाचवली त्याने माझ्या घरची चूल पेटती ठेवली, कारण खिशातली धूळ, शेंगदाण्याची सालं, सगळं तिथून आत जायचं.

दुसरं दुखणं डबीच्या सांध्याचं. दोन अर्धी झाकणं एकमेकांना चिकटवलेली असतात. यंत्र हातातून पडलं किंवा नुसतं जोरात दाबलं गेलं की सांधा उकलतो. मग पिनेच्या टोकाने फेविक्विकचा थेंब कडेला फिरवायचा. अर्धा थेंब. पूर्ण पडला की आतली चकतीच डबीला चिकटते, आणि मग गिऱ्हाइकापुढे काय तोंड घेऊन उभं राहायचं! माझ्या हातून असं दोनदा झालंय. दोन्ही वेळा गेम भरून दिला.

हे सगळं सांगायचं कारण, मी चकतीचा भक्त नाही. चकती फिरवायला मोटार लागते, मोटारीला बॅटरी लागते, लेझरचं भिंग मळतं, आणि गेम सुरू होईपर्यंत नुसती घुरघुर ऐकत बसावं लागतं. खिशात घेऊन फिरायच्या यंत्रात फिरते भाग ठेवणं हा मूळचा अव्यापारेषु व्यापार. तेव्हा सोनीच्या इंजिनिअरांना चकती काढून टाकावीशी वाटली यात नवल नाही.

त्यांनी ती काढली. १ ऑक्टोबर २००९ ला अमेरिकेत आणि युरोपात पीएसपी गो आला, महिन्याभराने जपानमध्ये. पडदा वर सरकवला की खाली बटणं. वजन १५८ ग्रॅम. आत १६ जीबीची मेमरी. आणि चकतीला खाच नाही. गेम हवा तर सोनीच्या ऑनलाइन दुकानातून उतरवून घ्या, दुसरा रस्ता नाही. हातात घेतलं की खेळणं सोडून नुसतं सरकवत बसावंसं वाटायचं. अजूनही वाटतं. खेळ मध्येच आहे तिथे थांबवून ठेवायची सोय त्यात होती, ती तर झकासच.

आणि तरी आपटला.

का आपटला? पहिलं कारण कोणीही सांगेल. खाच असलेला पीएसपी अमेरिकेत १६९.९९ डॉलरला मिळत होता, आणि खाच नसलेला २४९.९९ ला. वस्तूतला एक भाग काढून घ्यायचा आणि ८० डॉलर जास्त मागायचे. आमच्याकडे भाजीवालीसुद्धा देठ कापून दिले तर भाव वाढवत नाही.

दुसरं कारण जास्त खोल आहे. ज्यांच्याकडे आधीचा पीएसपी होता, त्यांच्याकडे चकत्यांचा डबा होता. कोणाकडे दहा, कोणाकडे चाळीस. त्यांचं काय करायचं? जुन्या चकत्यांच्या बदल्यात डाउनलोड देण्याचा विचार सोनीने बोलून दाखवला होता, पण बाजारात यायच्या सुमारास तो सोडून दिला. कायद्याच्या आणि तांत्रिक अडचणी आहेत म्हणाले. युरोपात जुन्या गिऱ्हाइकांना तीन गेम फुकट दिले आणि विषय मिटवला. बरं, सगळे गेम ऑनलाइन दुकानात होते म्हणावं, तर तेही नाही. 'क्रायसिस कोअर' हा पीएसपीचा गाजलेला गेम घ्या. तो पीएसपीसाठी डाउनलोड म्हणून कधी आलाच नाही. म्हणजे सर्वांत महाग पीएसपी घेणाऱ्याला पीएसपीचा सर्वांत नावाजलेल्यांपैकी एक गेम खेळायची सोय नाही. लग्नाच्या पंगतीत चांदीचं ताट आणि वाढायला बुंदी नाही, तशातली गत.

तिसरं कारण दुकानदार, आणि ते मला आतून कळतं. कन्सोल विकून दुकानदाराला फारसं सुटत नाही. सुटतं ते गेमवर, आणि त्याहून जास्त वापरलेल्या गेमवर. पोरगं गेम संपवून आणून देतं, तुम्ही तो पडत्या भावात घेता, दुसऱ्याला विकता, तो पुन्हा आणून देतो. एकाच चकतीवर चार वेळा नफा. पीएसपी गो विकायचा म्हणजे त्या गिऱ्हाइकाला दारातून कायमचा निरोप द्यायचा. युरोपातल्या काही दुकानांनी तो ठेवायलाच नकार दिला. मीही नकारच दिला असता.

आता आपल्याकडे या. आपल्याकडे पीएसपी गो फार दिसला नाही. कोणाचा मामा अमेरिकेहून आला तर त्याच्या बॅगेतून. त्या काळी ब्रॉडबँड कशाला म्हणायचं याची सरकारी व्याख्या होती सेकंदाला २५६ किलोबिट. हिशोब करा. एक जीबीचा गेम त्या वेगाने उतरवायला जवळजवळ पावणेनऊ तास. मध्ये वीज गेली नाही, मोडेम तापला नाही आणि घरात कोणी रेल्वेचं तिकीट काढायला बसलं नाही तर. त्यात कित्येकांच्या योजनेत महिन्याला जीबी-दोन जीबीची मर्यादा. रात्री दोन ते सकाळी आठ मोफत वापर असायचा, त्यासाठी गजर लावून उठणारी मुलं माझ्या ओळखीची होती. रात्रीच्या त्या सहा तासांत २५६ च्या वेगाने एक जीबीसुद्धा बसत नाही. पुण्या-मुंबईची ही कथा, तर तालुक्याच्या गावाचं विचारूच नका.

आणि एक गोष्ट लपवून ठेवण्यात अर्थ नाही. आपल्याकडे पीएसपी चालला तो चकतीवर नाही आणि डाउनलोडवरही नाही. तो चालला मेमरी स्टिकवर, म्हणजे यंत्रात बसणाऱ्या छोट्या मेमरी कार्डावर. बाजारात स्टिक द्यायची, पैसे मोजायचे, दहा-पंधरा चोरीचे गेम भरून घ्यायचे. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच यंत्रांचं चकतीचं दार एकदाही उघडलेलं नसायचं. कोरी करकरीत लेझर! कंपन्यांनी डाउनलोडची वाट धरली, त्यात या चोरीचा धाक आणि वापरलेल्या गेमच्या बाजाराचा राग, दोन्ही होते असं माझं मत आहे.

२०११ च्या एप्रिलमध्ये पीएसपी गोचा गाशा गुंडाळायला सुरुवात झाली, अवघ्या दीड वर्षात. त्याच वर्षी डिसेंबरात सोनीचा पुढचा कन्सोल व्हीटा जपानमध्ये आला, आणि त्याला खाच होती. चकतीची नाही, नखाएवढ्या कार्डाची. लोकांना वाटलं, जिंकलो.

पण गंमत बघा. दारातून हाकललेला पाहुणा खिडकीतून आत आला आणि आता ओसरीवर सुपारी कातरत बसलाय. २०२२ मध्ये स्टीम या कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानवाल्यांचा हातात धरून खेळायचा स्टीम डेक आला. त्यात गेमची चकती किंवा कार्ड घालायला खाच नाहीच. कोणी हूं की चूं केलं नाही, कारण कॉम्प्युटरवर खेळणाऱ्यांची चकतीची सवय केव्हाच सुटली होती. निन्टेन्डो या जपानी कंपनीने कार्ड सोडलं नाही. स्विच या त्यांच्या कन्सोलच्या कार्डाला तर त्यांनी मुद्दाम कडू लेप दिलाय, लहान मुलांनी गिळू नये म्हणून. मी जिभेला लावून बघितलंय. कारल्याने हात जोडावेत असा कडवटपणा, पाणी पिऊनही जात नाही. तर त्याच निन्टेन्डोचा स्विच २ जून २०२५ मध्ये आला, आणि त्याच्यासाठी 'गेम-की कार्ड' नावाचा प्रकार निघाला. डबी मिळते, डबीत कार्ड मिळतं, पण कार्डात गेम नाही. किल्ली आहे. कार्ड घातलं की गेम इंटरनेटवरून उतरवायचा, आणि नंतरही खेळताना दर वेळी कार्ड आत हवंच. म्हणजे डाउनलोडची वाट बघायची ती बघायचीच, वर कार्ड सांभाळायचं तेही सांभाळायचं. एक मात्र खरं, हे कार्ड उसनं देता येतं, विकता येतं. पलीकडचं दुकान उघडं आहे तोवर.

आणि दुकानं बंद होतात. निन्टेन्डोने ३डीएस या आपल्या जुन्या कन्सोलच्या ऑनलाइन दुकानातली विक्री २७ मार्च २०२३ ला थांबवली. त्याआधी मार्च २०२१ मध्ये सोनीने पीएस३ (टीव्हीला जोडायचा कन्सोल), व्हीटा आणि पीएसपी या तिघांची दुकानं बंद करायचं जाहीर केलं होतं. लोक खवळले, तेव्हा महिन्याभरात पीएस३ आणि व्हीटाची राहू दिली. पीएसपीची खरेदीची सोय मात्र जुलै २०२१ मध्ये गेली. आधी घेतलेले गेम परत उतरवू देतात, हे मान्य करायला हवं. पण 'देतात' हे क्रियापद ऐका. आपल्या घरातली वस्तू आपल्याला कोणी 'देत' नाही.

मुंबईकरांना पागडी माहीत आहे. तिथे निदान कुळाला कायद्याचं कवच आहे, कोर्टात भांडता येतं. इथे 'खरेदी करा' असं बटण दाबून तुम्ही जे घेता तो वापरायचा परवाना. कॅलिफोर्नियाने यावर कायदा केला, १ जानेवारी २०२५ पासून लागू. काय म्हणतो तो? परवानाच विकत असाल तर तसं गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगा. बस, एवढंच. फ्रान्समध्ये एका ग्राहक संघटनेने स्टीमवर दावा लावला होता, की डाउनलोड केलेला गेम पुढे विकता आला पाहिजे. २०१९ मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, २०२२ मध्ये वरच्या न्यायालयाने तो फिरवला.

मागच्या वर्षी एक मुलगी भावाचा पीएसपी गो घेऊन आली. भाऊ परदेशात स्थायिक झालेला, यंत्र कपाटात पडून. तिला स्वतःच्या मुलाला दाखवायचं होतं, मामा काय खेळायचा ते. बॅटरी फुगली होती, ती बदलली. यंत्र सुरू झालं, पण आतली मेमरी गेलेली. पुसून नव्याने तयार करावी लागली. गेम सगळे भावाच्या खात्यावर. खातं कॉलेजच्या ईमेलवर काढलेलं, आणि तो ईमेल कॉलेजने कधीच बंद केलेला. पासवर्ड कोणाला आठवेना. भावाला व्हिडिओ कॉल लावला, तिकडे पहाटेचे चार. बिचारा उठून बसला, कुत्र्याचं नाव, जुना मोबाईल नंबर, जे सुचेल ते टाकून बघितलं. शेवटी म्हणाला, "राहू दे गं, पडदा सरकतोय ना? तेवढं दाखव त्याला." यंत्र ठणठणीत आहे. आत काही नाही.

त्याच दिवशी, त्याच टेबलावर, २००५ चा एक जाडजूड पीएसपी होता. त्यात मी रद्दीवाल्याकडून घेतलेली चकती घातली. घुर्रर्र झालं आणि चालू. ती आधी कोणाची होती, किती हातांतून आली, काही माहीत नाही. तिने मला नाव विचारलं नाही.

तुमच्या या वाचनालयाला किती वर्षं झाली ते तुम्हाला माहीत. इथल्या कपाटातली कितीतरी पुस्तकं कोणाच्या आजोबांनी देणगी दिलेली असतील, आत त्यांची सही असेल. मी स्वतः डाउनलोड विकत घेतो, घेत राहणार, मला घुरघुर नकोच आहे. फक्त माझ्या नातवाला काय द्यायचं याचा विचार केला, की त्या यादीत डाउनलोड केलेला एकही गेम येत नाही.

बरं, माझी चकती कुठवर पोहोचली? चौथ्या रांगेत? काय म्हणालात, चालते का? चालते की. पीएसपी पिशवीत आहे, चहाच्या वेळी लावून दाखवतो. फक्त तिच्या त्या कडेला बोट दाबू नका, परवाच चिकटवलीय.