रिकामी कांडी

श्रोतेहो, नमस्कार.

एका उन्हाळ्यातली गोष्ट सांगते. आमच्या मंडळीची, म्हणजे आमच्या चर्चची, घरसभा होती, सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका घरात. संध्याकाळचे साडेसात झाले तरी पत्रा तापलेलाच. शेवटची प्रार्थना मला करायला सांगितली. डोळे मिटले आणि बावीस वर्षं करत आले तशी प्रार्थना सुरू झाली. आजाऱ्यांसाठी, परीक्षेला बसलेल्या मुलांसाठी, पाळकसाहेबांसाठी, देशाच्या पुढाऱ्यांसाठी. कुठेही अडखळले नाही. आणि तेवढा सगळा वेळ माझं मन घरी नळाखाली उभं होतं. त्या दिवशी आमच्याकडे पाण्याची पाळी होती. सोलापूरकरांना यापुढचं सांगायला नको. ‘आमेन’ म्हटलं आणि लक्षात आलं, आत्ता ज्यांच्यासाठी प्रार्थना केली त्यातलं एकही नाव मला आठवत नव्हतं.

निघताना आमच्या मंडळीतले एक म्हातारे मामा सोबत चालत आले. जन्मभर यंत्रमाग चालवलेला माणूस. म्हणाले, “बाई, माग चालू हाय की, पन कांडी संपलीया वाटतं.”

ज्यांनी माग जवळून पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. धोट्याच्या पोटात सुताची कांडी असते. धोटा ताण्याच्या उभ्या धाग्यांतून इकडून तिकडे पळतो, जाताना आडवं सूत सोडत जातो, फणी ते सूत ठोकून बसवते आणि कापड बोटाबोटानं वाढतं. आता कांडी संपली आणि माग वेळेवर थांबला नाही, तर धोटा रिकामाच पळत राहतो. फणी ठोकत राहते. बाहेर रस्त्यावरून जाणाऱ्याला खडखडाट तोच ऐकू येतो. पण त्या ठिकाणी चादर विणली जात नाही, नुसते उभे धागे मोकळे राहतात.

मला मामांचा राग आला होता, खोटं कशाला बोलू. संडे स्कूल माझ्याकडे, महिला मंडळाचं सेक्रेटरीपद माझ्याकडे, नाताळची नाटिका माझ्याकडे, आणि हे म्हणतात कांडी संपली! मग मी भाविक माणसं करतात तेच केलं. अजून वाढवलं. पहाटे चारला उठून प्रार्थना, शुक्रवारी उपास. थकून बसलेल्या बैलाला पराणी टोचावी तसं. दीड महिन्यात अशी वेळ आली की पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, हातात घेतलं तरी चिडचिड व्हायची.

एलीया संदेष्ट्याची गोष्ट मी मुलांना कितीदा शिकवली असेल. कर्मेल डोंगरावर स्वर्गातून अग्नी उतरला, तो भाग मुलांना फार आवडतो. आम्ही तिथेच थांबायचो. पुढचा अध्याय, ‘पहिले राजे’ या पुस्तकातला एकोणिसावा, शिकवायचं राहूनच जायचं. त्यात हाच एलीया राणी ईजबेलच्या धमकीनं पळत सुटतो, रानात एका झुडपाखाली बसतो आणि देवाला म्हणतो, पुरे झालं, आता माझा प्राण घे. आणि झोपतो.

देव त्याला काय म्हणतो? विश्वास कमी पडला, असं म्हणत नाही. देवदूत त्याला हलवून उठवतो आणि खायला सांगतो. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. एलीया खातो, पितो आणि परत झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा येतो. तेव्हाही आधी जेवणच, कारण वाट लांबची आहे. होरेब डोंगरावरचं देवाचं बोलणं, तो मंद, शांत स्वर, हे सगळं चाळीस दिवसांनी. मी मात्र भाकर आणि झोप गाळून थेट होरेब गाठायला निघाले होते.

हा थकवा आजकालचा, मोबाइलनं आणलेला, असं आपल्याला वाटतं. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात एव्हाग्रियस नावाचा एक ख्रिस्ती तपस्वी राहत होता. त्यानं या अवस्थेला दुपारचा सैतान म्हटलं. साधारण दहा ते दोनच्या दरम्यान तो येतो, सूर्य हलेनासा होतो आणि दिवस पन्नास तासांचा वाटू लागतो. साधू सारखा खिडकीकडे बघतो, कुणी भेटायला येतंय का ते पाहतो, आणि त्याला आपल्या जागेचा, आपल्या कामाचा वीट येतो. मे महिन्यातलं सोलापूर ज्यानं भोगलंय त्याला हे वर्णन परकं वाटणार नाही. एव्हाग्रियसनं सांगितलेला एक उपाय मला आवडला. म्हणे, आपल्या जिवाचे दोन भाग करा आणि एकानं दुसऱ्याची समजूत घाला. त्यासाठी त्यानं स्तोत्रसंहितेतले शब्द दिले: हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास?

तेव्हापासून माझी सकाळची प्रार्थना लहान झाली. एक स्तोत्र, तेही सावकाश. तेविसावं घेतलं तर ‘तो माझा जीव ताजातवाना करतो’ इथपर्यंत येऊन थांबते, पुढे ओढत नाही. मन कोरडं असेल त्या दिवशी तेरावं. त्यात दावीद सरळ विचारतो, परमेश्वरा, कुठवर? देवाला असं विचारायची मुभा शास्त्रातच आहे, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. आणि शब्दच नसतील तर नुसती बसते. आपल्याला प्रार्थना करता येत नाही तेव्हा देवाचा आत्मा अवाच्य कण्हण्यानं आपल्यासाठी विनंती करतो, असं प्रेषित पौलानं रोमच्या मंडळीला लिहिलंय. ते आता खरं धरून चालते.

विसाव्याचं मात्र अवघड गेलं. आमच्याकडे रविवार म्हणजे सगळ्यात धावपळीचा दिवस. संडे स्कूल, उपासना, नंतर कमिटीची मीटिंग, आणि घरी मटण. ते काही आपोआप शिजत नाही. शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आज्ञेत मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरंढोरं, दारचा परकासुद्धा मोजलाय, बायको तेवढी नाही. हे पाळकसाहेबांना विचारून झालंय. ‘तू’ म्हटल्यात ती आलीच, असं ते म्हणाले. बरं. पण बायबलच्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात तीच आज्ञा पुन्हा येते तिथे कारण दिलंय: तुम्ही मिसर देशात गुलाम होता, हे विसरू नका. गुलामाला सुट्टी नसते. हजार विड्यांमागे मजुरी मिळणाऱ्या विडी कामगार बाईला विसाव्यावर प्रवचन देणं सोपं आहे, तिचा एक दिवस बुडाला तर तो कोण भरून देतो? म्हणून विसावा एकटीनं पाळायची गोष्ट नाही असं माझं मत झालंय. घरानं, मंडळीनं तो एकमेकांना द्यावा लागतो.

उत्पत्तीच्या पुस्तकात दिवस संध्याकाळी सुरू होतो: संध्याकाळ झाली, सकाळ झाली. आधी झोप, मग काम. तसं मी शनिवारी दिवेलागणीला काम आवरतं घेते. कडक भाकरी आदल्या दिवशीच करून ठेवते, ती काही बिघडत नाही. रविवारी ती चुरून आमटीत, वर शेंगाचटणी. मटण बुधवारी गेलं. दोन रविवार घरात कुरकुर झाली. संडे स्कूलचा लहान वर्ग एका तरुण मुलीकडे दिला. ती माझ्यापेक्षा चांगली शिकवते, हे पचायला जरा वेळ लागला.

एक मात्र सांगायलाच हवं. आठवडेच्या आठवडे झोप नाही, अन्नावर वासना नाही, जगणंच नको वाटतंय, असं असेल तर डॉक्टरांकडे जा. त्यानं विश्वासाला उणेपणा येत नाही.

मागच्या रविवारी उपासनेनंतर जेवले आणि आडवी झाले. पाण्याची पाळी आहे हे साफ विसरले. जाग आली तेव्हा साडेचार वाजले होते, नळ येऊन गेला होता. धावत दार उघडलं. उंबऱ्याशी आमच्याच दोन घागरी भरून ठेवलेल्या होत्या, वर ताटल्या झाकून. शेजारच्या काकूंचं दार बंद होतं. त्याही झोपल्या असाव्यात.

नमस्कार.