बहार गळाला, हप्ता राहिला

नमस्कार, श्रोतेहो. परवा कामठीत चहाच्या टपरीवर दोन पोरं वाद घालत होती. एकाचा लाडका इंग्लिश फुटबॉल क्लब प्रीमियर लीगमधून, म्हणजे तिथल्या सगळ्यात वरच्या लीगमधून, खालच्या लीगमध्ये घसरलेला. तो म्हणे, "त्यात काय बे, पुढच्या वर्षी येते ना वर!"

येईलही. पण तोवरचा हिशेब काटोल-नरखेडच्या संत्रावाल्याला विचारावा. आंबिया बहार गळाला म्हणून मजुरी, वीजबिल, सोसायटीचा हप्ता थांबत नाही. क्लबाचंही तसंच. टीव्हीचा पैसा एका उन्हाळ्यात आटतो, खेळाडूंचे करार मात्र जुन्याच भावाने चालू राहतात.

शहाणे क्लब करारातच लिहून घेतात, खाली गेलो तर पगार कापू. संडरलँड क्लब 2017 साली उतरला तेव्हा एका खेळाडूच्या करारात ही अटच नव्हती. बातम्यांप्रमाणे त्याला सुमारे 70,000 पौंड मिळत राहिले. आठवड्याला बरं का, महिन्याला नव्हे! पुढच्याच वर्षी क्लब तिसऱ्या पायरीवर.

उतरणाऱ्याला लीग आधाराचे पैसे देते. त्याला 'पॅराशूट' म्हणतात. टीव्हीच्या उत्पन्नातला जो वाटा सगळ्या क्लबांना सारखा मिळतो, त्याचे पहिल्या वर्षी 55 टक्के, मग 45, मग 20. वर येऊन एकाच हंगामात पुन्हा खाली गेलेल्याला तिसरं वर्ष नाही. मला हे अर्धंच पटतं. उतरणारा सावरतो खरा, पण खालच्या लीगमध्ये वर्षानुवर्षं घाम गाळणारा शेजारी त्याची बरोबरी करायला कर्जात शिरतो.

आणि लीड्स! 2001 मध्ये चॅम्पियन्स लीगच्या, म्हणजे युरोपातल्या अव्वल क्लबांच्या स्पर्धेच्या, उपांत्य फेरीत पोचलेला क्लब. ती कमाई दरसाल येणारच, असं धरून त्यांनी पुढच्या 25 वर्षांच्या तिकीटविक्रीवर 6 कोटी पौंड उचलले. फुलावरच बगिचा विकावा नि इसार उडवून टाकावा, तसं. 2004 मध्ये घसरले. चांगले खेळाडू गेले, एलँड रोड हे स्वतःचं मैदान विकून तिथंच भाड्यानं राहिले. 2007 मध्ये दिवाळखोरीची कारवाई, 10 गुणांची कपात आणि तिसरी पायरी. मैदान परत विकत घेतलं 2017 मध्ये, वरच्या लीगमध्ये यायला 2020 उजाडलं.

हे सांगेस्तोवर माझा चहा संपला. पोरगं मोबाईलवर शोधत होतं, आपल्या क्लबाचं मैदान कोणाच्या नावावर आहे ते.