फावडं धरणारे हात

श्रोतेहो, नमस्कार.

आज मी तुमच्याशी फोटोबद्दल बोलणार आहे. रेडिओवर फोटो दाखवता येत नाही, पण हा फोटो मी शब्दांनी उभा करून बघतो. जुनं वाफेचं इंजिन, त्याच्यासमोर शंभर वर्षांपूर्वीच्या पोशाखातली माणसं, आणि जानेवारीतली आपल्या वऱ्हाडातली सकाळ.

जुन्या गाड्या जपायच्या आणि जुन्या वेषांतल्या माणसांसह त्यांचे फोटो काढायचे, इंग्लंड-वेल्सकडे हा छंद फार जुना आहे. वेल्समधली टॅलिलिन नावाची छोटी रेल्वे बंद पडायला आली, तेव्हा हौशी माणसांनी एकत्र येऊन १९५१ साली ती स्वतः चालवायला घेतली. त्यानंतर तिकडे अशा कितीतरी गाड्या वाचल्या. तिथे फोटो काढणारे पैसे जमवून अख्खी गाडी भाड्याने घेतात. प्रवासी, हमाल, सैनिक अशा जुन्या वेषांत माणसं उभी करतात. गाडी मागे नेतात आणि पुन्हा धूर सोडत समोरून आणतात. एकदा नाही जमलं तर परत. आपल्याकडे हरियाणात रेवाडीच्या शेडमध्ये आजही वाफेची इंजिनं जिवंत ठेवलेली आहेत. मी तिथे जाऊन आलो आणि तेव्हापासून एकच विचार डोक्यात बसला, की हे आपल्या मातीत, आपल्या माणसांना घेऊन करायचं.

आपल्या मातीतली गाडी म्हटलं की शकुंतला आलीच. यवतमाळ ते मूर्तिजापूर, ११३ किलोमीटर, रुळांमधलं अंतर जेमतेम अडीच फूट. तिचं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरला तयार झालं, १९२३ पासून ते इथे धावू लागलं, आणि एप्रिल १९९४ मध्ये त्याच्या जागी डिझेल आलं. सत्तर वर्षं! आता गेली काही वर्षं गाडीच बंद आहे. दारव्ह्याकडे रुळांच्या कडेला गवत कंबरेएवढं वाढतं.

या गाडीचा जन्म कापसासाठी. आपल्या काळ्या जमिनीतली पऱ्हाटी फुटली, वेचणी झाली, रेच्यावर सरकी निघाली, गाठी बांधल्या, की त्या शकुंतलेत चढायच्या. मूर्तिजापूरला मोठी लाइन. तिथे छोट्या डब्यातली प्रत्येक गाठ उतरवून मोठ्या डब्यात चढवायची, मग मुंबई, मग जहाज, आणि शेवटी मँचेस्टरच्या गिरण्या. म्हणजे जिथून इंजिन आलं, तिथेच कापूस जायचा. एका गाठीचं वजन पावणेदोनशे किलोच्या आसपास. रुळांची रुंदी बदलते म्हणून या वजनाला माणसांनी पुन्हा एकदा हात लावायचा, तेही अख्ख्या हंगामात, रोज. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण फोटो काढायला गेलो तेव्हा मला हीच माणसं हवी होती.

इंजिन आम्हाला मिळालं ते एका स्टेशनाच्या आवारात चबुतऱ्यावर ठेवलेलं, छोट्या रुळाचंच. रीतसर परवानगी काढली. इथे एक गोष्ट तरुण श्रोत्यांसाठी सांगून ठेवतो. चालू रुळावर किंवा रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि कायदा बाजूला ठेवा, रुळावर उभं राहून काढलेल्या एका फोटोपायी पोरं गेलेली आहेत. ते करू नका.

पोशाखांसाठी मी आधी वडसाला गेलो. झाडीपट्टीच्या नाटकांचं ते माहेर. साहेबाचा कोट, हॅट, पट्टेवाल्याचा लाल पट्टा, सगळं तिथल्या पेट्यांमध्ये मिळालं. गावातली आठ-दहा मुलंमुली तयार झाली. आणि पहिल्याच दिवशी जे व्हायचं ते झालं. प्रत्येकाला साहेब व्हायचं होतं. हॅट एक आणि डोकी आठ. हमाल व्हायला कोणी तयार होईना. मला वाईट वाटलं, पण राग आला नाही. जुन्या काळाचं चित्र म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर तो हॅटवालाच येतो, कारण जुन्या फोटोंमध्ये मधोमध तोच उभा आहे. कोळसा टाकणारा, सांधे बदलणारा, गाठ उचलणारा हे सगळे कडेला, अर्धे कापलेले, नावाविना.

मग मी त्या मुलांना शकुंतलेवर फायरमन म्हणून काम केलेल्या एका काकाजींकडे घेऊन गेलो. पंचाहत्तरी ओलांडलेली, नजर मंदावलेली, पण खांदे अजून ताठ. मी फक्त एवढंच म्हटलं, की काकाजी, या पोरांना फावडं कसं धरायचं ते दाखवा. ते अंगणात उठून उभे राहिले. कोपऱ्यातलं मातीचं फावडं घेतलं. डावा हात दांड्याच्या वरच्या टोकाला, उजवा खाली. पाय हलले नाहीत, कंबर फिरली, आणि फावड्याचं तोंड शेवटच्या क्षणी मनगटातून असं वळलं, की नसलेला कोळसा नसलेल्या भट्टीच्या डाव्या कोपऱ्यात जाऊन पडला.

एका मुलाने तसं करून बघितलं. काकाजी म्हणाले, "असा ढीग नाही टाकत बाबू, आग दबून जाते. थोडा थोडा टाक, पातय पसर. अन् दरवाजा लवकर लाव, थंडी हवा गेली का वाफ उतरते."

दुसऱ्या दिवशी साहेबाची हॅट पेटीतच राहिली. सहा जणांना फायरमन व्हायचं होतं.

फोटो काढायच्या दिवशी काकाजी सोबत आले हे फार बरं झालं. इंजिन चबुतऱ्यावरचं, थंड. त्यात जीव आहे असं दिसावं म्हणून आम्ही त्याच्या मागे ओल्या तणसाची शेकोटी करून दाट धूर काढायचं ठरवलं होतं. त्यांनी थांबवलं. उभं इंजिन असा धूर ओकत नाही, ओकलं तर फायरमनला काम येत नाही असा त्याचा अर्थ, हे त्यांनी समजावून सांगितलं. इंजिन चालतं तेव्हा सिलिंडरमधून वापरून झालेली वाफ चिमणीतून जोरात बाहेर फेकली जाते आणि जाताना भट्टीतली हवा ओढून घेते. म्हणून गाडी जितकी जोर लावते तितकी आग भडकते. आपण झुकझुक म्हणतो तो आवाज त्याच फेकल्या जाणाऱ्या वाफेचा, दोन सिलिंडरच्या इंजिनात चाकाच्या एका फेऱ्याला चार ठोके. उभ्या इंजिनाची वाफ निघते ती खाली चाकांजवळून, पांढरी, शांत.

तेव्हा धूर रद्द केला. धूर नसला तरी चालतं, चुकीचा नको.

मग एकेक बारकावा निघत गेला. पोत्यांची तोंडं नायलॉनच्या सुतळीने शिवलेली होती, ती उसवून तागाची घातली. एका मुलीच्या लुगड्याला टेरिलीनची चमक होती, सकाळच्या तिरप्या उन्हात ती काचेसारखी झळकायला लागली. तिच्या आजीने ट्रंकेतलं सुती लुगडं काढून दिलं, नऊवारी, घड्यांवर विरलेलं. स्टीलचा डबा काढून पितळी गडू ठेवला. मनगटावरचं घड्याळ उतरवलं तरी उन्हात न रापलेला पांढरा पट्टा राहतो, तिथे मातीचा हात फिरवला.

सगळ्यात अवघड गेलं ते ओझं. गाठीच्या आकाराची पोती आम्ही भुशाने भरली होती. मुलं ती हसत उचलायची. फोटोत ते लगेच कळतं हो! चेहरा कितीही कष्टी केला तरी मान सरळ, गुडघे मोकळे. शेवटी पोत्यांत भुशाबरोबर थोडी रेती भरली, चौघांनी मिळून एक उचललं, आणि तेव्हा कुठे पावलं तशी पडली. बोटं पसरलेली, टाच आधी, तोंड बंद.

कॅमेऱ्याबद्दल थोडंसं. काळं इंजिन समोर असलं की कॅमेरा फसतो. त्याला वाटतं अंधार आहे, आणि तो चित्र उजळवतो. मग इंजिन राखाडी होतं आणि पांढरी धोतरं जळून नुसते डाग उरतात. म्हणून उजेड जमवायचा तो धोतराकडे बघून. काळं काळंच राहू द्यायचं, त्यात फक्त रिव्हेटांच्या कडा चमकल्या तरी पुरे. वेळ सूर्य उगवल्यापासून तासाभराची, नंतर आपल्याकडचं ऊन पांढरं पडतं. वाफेचं खरं इंजिन कुठे टिपायला मिळालं तर थंडीतली पहाट सोडू नका. वाफ मुळात दिसतच नाही. दिसतात ते गार हवेत वाफेचे झालेले पाण्याचे बारीक थेंब, आणि हवा जितकी गार तितके ते जास्त वेळ तरंगतात. सूर्य त्यांच्या मागे ठेवला तर ते पेटल्यासारखे उजळतात.

साडेआठपर्यंत आमचं काम होत आलं होतं. मुलं चहा प्यायला गेली. काकाजी इंजिनाजवळ एकटेच उभे होते. दांडीला हात लावला, पाय पायरीवर ठेवला, आणि कोणाचा आधार न घेता वर चढले. आतली बरीच पितळी सामग्री नाहीशी झालेली, भट्टीच्या दाराला गंज. ते खाली वाकले, दार हाताने चाचपलं, आणि रिकामं फावडं लोखंडी जमिनीवर एकदा आपटलं. कोळशाची भुकटी झटकतात तसं. ठण्ण!

चहाच्या टपरीवरची सगळी मुलं वळून बघायला लागली.

माझ्या हातात कॅमेरा होता. अंगावर त्यांच्या रोजचाच सदरा, वेष कुठलाच नाही. मी चेहरा घेतला नाही. दोन हात घेतले, एक वर, एक खाली.

त्या फोटोची एक प्रत त्यांच्या घरी दिली आहे. आता फेब्रुवारीत पुन्हा जायचं ठरलंय. या वेळी बैलबंडी मिळाली आहे, आणि ज्यांचं लुगडं नेसलं होतं त्या आजी स्वतः प्रवासी म्हणून यायला तयार आहेत. लग्न होऊन सासरी आल्या त्या याच गाडीने. गडू त्या स्वतःचा आणणार आहेत.

नमस्कार.