मुळावर किती जिवाणू वसले?

[दृश्य : परभणीजवळचं काळं रान. सोयाबीन फुलोऱ्यात.]

पेरणीच्या सकाळी गुळाच्या पाण्यात रायझोबियम, म्हणजे हवेतला नत्र पिकाला मिळवून देणाऱ्या जिवाणूंचं खत, कालवलं, बियाण्याला चोळलं, सावलीत सुकवलं आणि पेरलं. मराठवाड्यात हे आता गावोगाव होतं. पण ते जिवाणू मुळापर्यंत पोचले का, तिथं वाढले का, याची चौकशी फारसं कुणी करत नाही. ती व्हायलाच हवी, कारण पैसा आणि मेहनत त्यातच गुंतलेली असते.

पाकिटातला आकडा कायद्यानं बांधलेला आहे. खत नियंत्रण आदेशाप्रमाणे पावडरीच्या रायझोबियम खतात दर ग्रॅमला किमान ५ कोटी जिवंत जिवाणू लागतात, द्रवरूप खतात दर मिलीला १० कोटी. मात्र मे महिन्यात पत्र्याखाली पाकीट तापलं, बुरशीनाशक आणि संवर्धक (म्हणजे हेच जिवाणू खत) एकदमच चोळलं, किंवा पेरल्यावर पावसानं ओढ दिली, की हा आकडा झपाट्यानं घसरतो. म्हणून मोजायचं ते मुळावर.

[दृश्य : कुदळीनं ढेकळासकट उचललेलं रोप, बादलीत भिजत.]

रोप उपटू नका. भारी जमिनीत उपटलं की बारीक मुळं तुटतात आणि हे जिवाणू ज्यांत वसतात त्या मुळावरच्या गाठी मातीतच राहतात. भोवतालच्या मातीसकट उचला, पाण्यात ठेवा, माती आपसूक सुटू द्या. आता गाठी कुठं आहेत ते बघा. सोटमुळावर, अगदी वरच्या भागात दाटीनं असतील, तर त्या बहुधा बियाण्याला लावलेल्या जिवाणूंच्या. बाजूच्या मुळांवर विखुरलेल्या असतील, तर त्या बऱ्याचदा जमिनीत आधीपासून असलेल्यांच्या.

एक गाठ ब्लेडनं कापा. आत गुलाबी-लाल दिसलं, की गाठ कामावर आहे. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा. हवेतला नत्र पकडणारं विकर ऑक्सिजननं निकामी होतं; हे द्रव्य ऑक्सिजन धरून ठेवतं आणि जिवाणूला श्वसनापुरताच देतं. पांढरी गाठ कोवळी असते किंवा कुचकामी. हिरवट झाली म्हणजे तिचं काम संपलं. नुसत्या गाठी मोजून म्हणूनच भागत नाही. कापाव्या लागतात, वाळवून वजनही करावं लागतं.

हळदीच्या मुळावर गाठी येत नाहीत. हिंगोली-नांदेडकडच्या हळदीला घातलेलं स्यूडोमोनास, म्हणजे मुळाशी राहणारे दुसरे उपयोगी जिवाणू, मुळावर बसलं का, हे डोळ्यांना कळणार कसं? तिथं प्रयोगशाळा लागते.

[दृश्य : ओळीनं मांडलेल्या परीक्षानळ्या.]

सैल माती झटकून १ ग्रॅम मूळ ९ मिली निर्जंतुक पाण्यात जोरात हलवतात. त्यातलं १ मिली पुढच्या नळीतल्या ९ मिलीत. असं करत पाचवी नळी. तिच्यातला ०.१ मिली जिवाणूंचं खाद्य, म्हणजे माध्यम, भरलेल्या थाळीत पसरून उबवतात. समजा ४६ वसाहती, म्हणजे जिवाणूंचे डोळ्यांना दिसणारे ठिपके, उगवल्या. एक वसाहत म्हणजे मुळात एक जिवाणू किंवा त्यांचा एक पुंजका, असं धरायचं. मग हिशेब येतो ग्रॅमभर मुळावर ४ कोटी ६० लाख. फ्लुरोसन्स जातीचं स्यूडोमोनास किंग्ज बी नावाच्या माध्यमावर, अतिनील प्रकाशात चमकतं, त्यामुळे वेगळं ओळखू येतं.

पण ते आपलंच, की रानातलं मूळचं? सर्वांत अवघड प्रश्न हाच. त्यासाठी संशोधक रिफॅम्पिसिन या प्रतिजैविकाला दाद न देणारा जिवाणूंचा वाण निवडतात आणि थाळीतच ते औषध घालतात. मातीतले इतर बहुतेक जिवाणू तिथं उगवत नाहीत. डीएनए मोजायची पद्धत जलद आहे, पण मेलेल्या जिवाणूंचा डीएनएही तिच्यात मोजला जातो. हिरवा चमकणारा जनुक घातलेले जिवाणू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर ते मुळावर सगळीकडे सारखे पसरलेले नसतात. पेशींच्या सांध्यांत आणि नवं उपमूळ फुटतं तिथं, जिथं मुळाचा पाझर जास्त, तिथं ते गर्दी करतात.

[दृश्य : शेजारी शेजारी दोन पट्टे.]

शेतकऱ्याला यातली थाळी नको, डीएनए नको. पेरताना एक पट्टा बिनप्रक्रियेचा सोडावा. फुलोऱ्यात दोन्हीकडची दहा-दहा रोपं एकाच दिवशी उचलून गाठी कापाव्यात. दोन्हीकडं सारख्याच गुलाबी गाठी निघाल्या, तर त्या रानात आधीचेच जिवाणू पुरेसे आहेत. दोन्हीकडं मुळं उघडीच निघाली, तर आपलं संवर्धक मुळावर बसलेलंच नाही. मग पाकिटाची तारीख, साठवण आणि औषध चोळण्याचा क्रम, तिन्ही तपासायला घ्यावेत.