तापलेला मॅग्नेटो

श्रोतेहो, नमस्कार. कोकणात जुनी ब्रिटिश मोटारसायकल बाळगणाऱ्याची गाठ खाऱ्या वाऱ्याशी आणि चार महिन्यांच्या दमट हवेशी असते. गंज दिसतो, म्हणून त्यावर हात फिरतो. ओलावा मात्र विजेच्या भागांत शिरतो आणि तो कोणाच्या लक्षात येत नाही. क्रोम चकाकवून गाडी मांडवात उभी करण्याचे मला कधी कौतुक वाटले नाही; जी कुंभार्ली घाट चढत नाही, ती गाडी कसली? असो. आज मॅग्नेटोविषयी बोलायचे आहे, आणि त्यातही एकच गोष्ट सांगायची आहे: तापल्यावर येणारा दोष तापवूनच तपासावा.

मॅग्नेटो बॅटरीवाचून ठिणगी देतो. चुंबकाच्या क्षेत्रात आर्मेचर, म्हणजे तारेचे वेटोळे गुंडाळलेला गाभा, फिरते, विजेची वाट जोडणारे-तोडणारे पॉइंट उघडतात आणि प्लगपाशी ठिणगी पडते. आर्मेचरमध्येच एक कंडेन्सर, म्हणजे वीज क्षणभर साठवणारा छोटा भाग, दडलेला असतो, आणि पुढची सारी कथा त्याचीच आहे.

गुहागरच्या एका निवृत्त गुरुजींकडे बीएसए एम-२० होती. बर्मिंगहॅमच्या बंदुका बनवणाऱ्या कारखान्याची ही ४९६ सीसीची, साइड व्हॉल्व्हची, म्हणजे सिलिंडरच्या बाजूला झडपा असलेली गाडी दुसऱ्या महायुद्धात लाखाहून अधिक संख्येने तयार झाली. गियर उजव्या पायाशी, ब्रेक डाव्या पायाशी, आणि ठिणगीची वेळ पुढेमागे करण्याची दांडी हँडलवर. गुरुजींची गाडी सकाळी पहिल्या किकला सुरू होई, शृंगारतळी ओलांडी आणि मार्गताम्हाण्याच्या आसपास गपकन बंद पडे. सावलीत अर्धा तास उभी केली, की पुन्हा सुरू! कोणी पेट्रोलला दोष दिला, कोणी पेट्रोल आणि हवा मिसळणारा अमल कंपनीचा कार्ब्युरेटर तीनदा धुतला, प्लग तर इतके बदलले की गुरुजींच्या खिडकीत त्यांची रांग लागली.

शेवटी चिपळूणचे एक वयस्क मिस्त्री आले. त्यांनी कार्ब्युरेटरला हातही लावला नाही. "गुरुजी, थंड झाल्यावर आपसूक सुरू होते ना?" एवढेच विचारून त्यांनी मॅग्नेटो उतरवला, अंगणात बसून हाताने फिरवला, आणि निळी ठिणगी कडकडून उडाली. मग ते तो घेऊन थेट न्हाणीघरात गेले आणि पाण्याच्या चुलीशेजारी, आच लागेल पण भाजणार नाही अशा बेताने, फडक्यात गुंडाळून ठेवला. वहिनी बंब भरायला आल्या आणि थबकल्या. "अहो, आंघोळीच्या पाण्याबरोबर हे काय तापवताय?"

"वहिनी, ह्याला ताप आला की हा काम सोडतो. ताप आणून बघतो," मिस्त्री शांतपणे म्हणाले.

तासाभराने मॅग्नेटो पुन्हा फिरवला. ठिणगी पिवळट, मरतुकडी. थोड्या वेळात तीही नाहीशी झाली. माठाशेजारी निववल्यावर पुन्हा निळी! चिपळूणला आर्मेचर उघडले तेव्हा वेटोळे शाबूत निघाले. कंडेन्सर निकामी झाला होता. नवा बसवल्यावर गुरुजी त्याच गाडीवरून भर वैशाखात चिपळूणला गेले, आणि मार्गताम्हाण्याला केवळ चहासाठी थांबले.

म्हणून पुन्हा सांगतो, श्रोतेहो: दोष तापल्यावर येत असेल, तर भाग तापवूनच तपासावा. थंड गाडी उघडून बसणाऱ्याला सारे ठाकठीकच दिसते. काही वेळा कंडेन्सरऐवजी वेटोळ्यावरील लाखेचा लेप मऊ होऊन बाहेर चिकट ओघळ येतात. तेव्हा वेटोळेच नव्याने भरून घ्यावे लागते.

ज्यांना हे काम घरी करायचे असेल, त्यांनी पाने आधी जुळवावेत. या गाड्यांच्या नटबोल्टांना मिलिमीटरचे पाने नीट बसत नाहीत. व्हिटवर्थ मापाचे पाने लागतात, आणि त्यांवरील आकडा नटाच्या रुंदीचा नसून बोल्टच्या जाडीचा असतो. ल्युकास कंपनीच्या मॅग्नेटोचे आर्मेचर बाहेर ओढण्यापूर्वी प्लगच्या वायरीकडे वीज नेणारा पिकअप आणि ब्रश काढावेत, तसेच बाजूचा सेफ्टी गॅपचा छोटा स्क्रूही आठवणीने काढावा. तो राहिला, तर आतली स्लिप रिंग, म्हणजे आर्मेचरवरची पिकअपला वीज देणारी कडी, तडकते.