जहाज सोडल्यानंतरचा ग्रीस

श्रोतेहो, नमस्कार.

एजियन समुद्रातली क्रूझ बहुतेक वेळा पिरेयसच्या बंदरात संपते. पहाटे जहाज धक्क्याला लागतं. आदल्या रात्री केबिनबाहेर ठेवलेल्या बॅगा तोवर खाली पोचलेल्या असतात. नाश्ता उरकून लोक उतरतात, बसमधून अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिस टेकडीवरच्या देवळांकडे जातात, फोटो काढतात आणि संध्याकाळच्या विमानानं घरी निघतात. आपल्याकडून जाणाऱ्या मंडळींचंही असंच चालतं. इस्तंबूल झालं, इफिसस झालं, सँटोरिनी झालं, आता ग्रीस झाला!

माझं म्हणणं असं की, जमत असेल तर परतीचं तिकीट चार दिवस पुढचं काढा. जहाजावरून ग्रीस दिसतो तो काठाकाठानं. पांढरी घरं, निळा समुद्र, बंदरातली दुकानं. सुंदर असतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण ग्रीसचा इतिहास ज्या डोंगरांमुळे घडला ते डोंगर ओलांडायला जमिनीवर उतरावं लागतं. बसमध्ये बसलं की दोन तासांत लक्षात येतं: एक खोरं, मग चढण, घाट, पलीकडे दुसरं खोरं. एकेका खोऱ्यात एकेक नगर, आणि प्रत्येक नगर म्हणजे स्वतंत्र राज्य. भाषा एक, देव तेच, आणि आपसांत कायमची भांडणं. हे ध्यानात ठेवून अवशेष पाहिले तर ते बोलायला लागतात. नाहीतर तिसऱ्या देवळानंतर सगळे खांब सारखेच दिसतात, हे मी अनेक सहप्रवाशांच्या तोंडून ऐकलं आहे.

अथेन्सहून तीन-चार दिवसांच्या अशा सहली निघतात. रस्ता ठरलेला आहे: कॉरिंथ, एपिडॉरस, मायसिनी, ऑलिंपिया, डेल्फी आणि परत अथेन्स. सोबत ग्रीक गाइड असतो, आणि तो असावाच लागतो. तिथल्या पुरातत्त्वस्थळांवर माहिती सांगायचा अधिकार फक्त परवानाधारक गाइडलाच आहे. त्यामुळे आपल्यासोबत मुंबईहून आलेला टूर मॅनेजर कितीही वाचलेला असला, तरी आत गेल्यावर तो गप्प उभा राहतो.

कॉरिंथचा कालवा पाहायला दहा मिनिटं पुरतात. कॉफी घ्यायची, पुलावर उभं राहून खाली डोकावायचं. जेमतेम सहा किलोमीटरचा हा कालवा 1893 साली खुला झाला. तो खणायचा पहिला मोठा प्रयत्न इसवी सन 67मध्ये रोमन सम्राट नीरोनं केला होता आणि तो अर्धवट राहिला. त्याच्याही कितीतरी आधी ग्रीकांनी दगडी फरसबंदीचा मार्ग करून जहाजं चक्क जमिनीवरून ओढत एका समुद्रातून दुसऱ्या समुद्रात नेली होती. कालवा इतका अरुंद आहे की आजच्या मोठ्या क्रूझ त्यातून जाऊच शकत नाहीत.

एपिडॉरसला मात्र घाई करू नका. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातलं तिथलं नाट्यगृह डोंगराच्या उतारात बसवलेलं आहे. खाली 34 रांगा, वर 21, एकूण 55. बारा-चौदा हजार माणसं सहज बसतील. खाली मधोमध गोल मोकळी जागा. गाइड तिथं उभी राहून कागद फाडते, नाणं टाकते, आणि तुम्ही वर चढून ऐकायचं. आवाज येतो, हे खरं. चुनखडीच्या दगडांच्या पायऱ्या खालच्या पट्टीतला आवाज, म्हणजे गर्दीची कुजबुज आणि झाडांची सळसळ, दाबतात आणि माणसाचं बोलणं वर पोचवतात, असं 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात मांडलं गेलं. पुढे डच संशोधकांनी उपकरणं लावून मोजमाप केलं, तेव्हा नाण्याची गोष्ट जरा फुगवून सांगितली जाते असं निघालं. मी म्हणेन, नाणं सोडा. कुणाला तरी खाली उभं करून चार ओळी नीट, घसा न ताणता म्हणायला सांगा. रंगभूमीवर प्रेम असलेल्या मराठी माणसाला मग आणखी काही समजावून सांगावं लागत नाही. उन्हाळ्यात इथं आजही प्राचीन नाटकांचे प्रयोग होतात, 1950च्या दशकापासून नेमानं होत आले आहेत. तुमच्या तारखांना प्रयोग असेल तर बाकीचं वेळापत्रक मोडून तो पाहा.

बहुतेक गट नाट्यगृह पाहून बसकडे वळतात. पण नाट्यगृह हा एपिडॉरसचा जोडधंदा होता. मूळ ठिकाण अस्क्लेपियस या आरोग्यदेवतेचं. लांबलांबून रोगी यायचे, स्नान करून, नैवेद्य दाखवून एका लांब ओसरीत झोपायचे. देव स्वप्नात येऊन बरं करणार, ही श्रद्धा. बरे झालेल्यांच्या हकिकती दगडावर कोरून ठेवल्या होत्या. त्यातली एक मला फार आवडते. अथेन्सची अँब्रोशिया नावाची बाई, एका डोळ्यानं अधू. ती आवारात फिरताना या हकिकतींना हसली: लंगडे चालतात, आंधळे पाहतात, नुसतं स्वप्न बघून? रात्री देव स्वप्नात आला आणि म्हणाला, तुला बरं करतो, पण तुझ्या अडाणीपणाची आठवण म्हणून देवळात चांदीचं डुक्कर वाहा. सकाळी ती बरी होऊन बाहेर पडली. आपल्याकडे नवस फेडताना देवीला चांदीचे डोळे वाहतात, तसेच तिथं लोक बऱ्या झालेल्या अवयवांच्या प्रतिकृती वाहत. डुक्कर मात्र फक्त या बाईच्या वाट्याला आलं असावं. जवळच्या छोट्या संग्रहालयात कोरीव शिळा आहेत आणि शस्त्रक्रियेची हत्यारंही आहेत. म्हणजे सगळंच काही स्वप्नावर सोडलेलं नव्हतं.

मायसिनीला पोचलो की काळ एकदम मागे उडी घेतो. सिंहद्वार इसवी सनापूर्वी 1250च्या सुमाराचं, म्हणजे अ‍ॅक्रोपोलिसवरच्या पार्थेनॉन देवळापेक्षा साधारण आठशे वर्षांनी जुनं. तटाचे दगड इतके प्रचंड, की नंतरच्या ग्रीकांनाच वाटलं हे काम एकाक्ष राक्षसांचं. 1876 साली हाइनरिश श्लीमान या जर्मन उत्खननकर्त्यानं दारालगतची थडगी उकरली आणि सोन्याचे मुखवटे बाहेर काढले. त्यातला एक ट्रोजन युद्धातल्या अ‍ॅगामेम्नॉन राजाचा म्हणून गाजला. प्रत्यक्षात तो त्या युद्धाच्या मानल्या जाणाऱ्या काळाहून तीनेकशे वर्षांनी आधीचा आहे. तो पाहायचा अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात, मायसिनीला नाही. किल्ल्याबाहेरच्या घुमटाकार थडग्यात मात्र जरूर जा. दारावरची आडवी शिळा सुमारे 120 टनांची आहे. क्रेन नसताना ती वर कशी चढवली असेल, यावर आमच्या गटातल्या निवृत्त इंजिनिअर मंडळींची चर्चा रात्रीच्या जेवणापर्यंत चालली होती.

जेवणावरून सांगतो. शाकाहारी श्रोत्यांनी घाबरू नये. ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचे उपासाचे दिवस वर्षात भरपूर असतात. उपासाला मांस, अंडी, दूध-दही चालत नाही. त्यामुळे टोमॅटोच्या रसातले मोठे पांढरे घेवडे, भाताचं सारण भरलेली द्राक्षाची पानं, भाजलेल्या भाज्या, उकडलेला रानभाजीचा पाला असं खूप काही साध्या खानावळीतही मिळतं. फक्त सारणात खिमा नाही ना, हे विचारून घ्या.

प्राचीन ऑलिंपिक खेळ जिथं होत त्या ऑलिंपियात हिरवाई आहे, दोन नद्या आहेत. याच नद्यांच्या गाळानं आणि सहाव्या शतकातल्या भूकंपांनी हे सगळं गाडून टाकलं. जर्मनांनी 1875पासून पद्धतशीर उत्खनन करून ते वर काढलं. ग्रीकांचा देवराज झ्यूस याच्या देवळाचे खांब पडले ते तसेच अजून आडवे आहेत, चकत्या ओळीनं घरंगळलेल्या. धावपट्टी 192 मीटरची. सगळे पर्यटक तिथं धावून पाहतात, पळा तुम्हीही. पण त्याआधी मैदानात नेणाऱ्या बोगद्याकडे जाताना डाव्या हाताला दगडी चौथऱ्यांची रांग आहे, तिथं थांबा. फसवणूक करताना पकडलेल्या खेळाडूंकडून दंड घेत आणि त्या पैशातून झ्यूसचे ब्राँझचे पुतळे करून नेमके या वाटेवर उभे करत. पहिले सहा पुतळे इसवी सनापूर्वी 388चे. थेसलीच्या युपोलस नावाच्या मुष्टियोद्ध्यानं तीन प्रतिस्पर्ध्यांना लाच दिली, त्या प्रकरणातले. मैदानात शिरताना प्रत्येक खेळाडूला हे पुतळे दिसलेच पाहिजेत, अशी योजना.

ऑलिंपिकच्या काळात सगळी युद्धं थांबत, असं आपण शाळेत शिकलो. ते तितकंसं खरं नाही. तह होता तो खेळाडूंना आणि यात्रेकरूंना सुखरूप येता-जाता यावं यासाठी. इसवी सनापूर्वी 364मध्ये तर खेळ चालू असताना याच पवित्र आवारात लढाई झाली. ग्रीकांना एकत्र यायला जागा हवी होती, आणि एकत्र आल्यावर भांडायलाही तीच जागा सोयीची होती.

हे सगळ्यात स्पष्ट दिसतं डेल्फीला. ऑलिंपियाहून निघालं की पॅट्रासजवळ रिओ-अँटिरिओचा पूल लागतो. 2004 साली खुला झालेला हा जवळपास तीन किलोमीटरचा देखणा पूल ओलांडला की पेलोपोनीज, म्हणजे ग्रीसचा दक्षिणेकडचा भाग, संपतो. मग समुद्राच्या कडेनं रस्ता, जैतुनाच्या झाडांचं अफाट रान आणि पार्नासस पर्वताचे कडे. डेल्फी त्या कड्यांना चिकटून आहे. जुन्या देवळांवर कास्त्री नावाचं गाव वसलं होतं. फ्रेंचांनी 1892 साली उत्खनन सुरू करताना ते अख्खं गाव हलवलं. आज जिथं हॉटेलं आहेत ते हलवलेलं गाव.

अपोलो देवाच्या देवळाकडे जाणारी नागमोडी वाट चढताना दोन्ही बाजूंना चौथरे आणि नगरांनी देवाला वाहिलेल्या वस्तू ठेवायला बांधलेल्या छोट्या कोषागारांचे अवशेष दिसतात. गाइडला विचारा, हे कुणी कुणाला हरवल्यावर बांधलं? अथेन्सनं मॅरेथॉनच्या लढाईत इराण्यांवर मिळवलेल्या विजयाचं स्मारक उभारलं. स्पार्टानं इसवी सनापूर्वी 405मध्ये अथेन्सचं आरमार बुडवलं आणि आपलं स्मारक अथेन्सच्या स्मारकाजवळच आणून ठेवलं. पुढे आर्केडियाच्या लोकांनी स्पार्टाच्या मुलखात मुसंडी मारली, तेव्हा त्यांनी आपले पुतळे स्पार्टाच्या स्मारकासमोर रोवले. शेजाऱ्याला खिजवायला देवाच्या दारासारखी दुसरी जागा नाही!

एकच स्मारक वेगळं होतं. इराणी आक्रमणाचा पराभव केल्यावर, इसवी सनापूर्वी 479नंतर, 31 नगरांनी मिळून ब्राँझचा सर्पस्तंभ अर्पण केला आणि त्याच्या वेटोळ्यांवर सगळ्या नगरांची नावं कोरली. सम्राट कॉन्स्टंटाइननं तो आपल्या नव्या राजधानीत नेला. तुमची क्रूझ इस्तंबूलहून निघाली असेल, तर जुन्या रथशर्यतीच्या मैदानात तुम्ही तो पाहिलाही असेल, बहुधा घाईत. डेल्फीला आता प्रतिकृती आहे.

गाइड फार बोलतात अशी तक्रार असेल, तर तीही प्राचीन आहे. लेखक प्लुटार्क डेल्फीचा पुजारी होता. सुमारे 1900 वर्षांपूर्वीच्या एका संवादात त्यानं लिहून ठेवलंय की, पाहुणे आवरतं घ्या म्हणून विनवत होते, तरी गाइड आपलं पाठ केलेलं सगळं म्हणतच राहिले. आमच्या गाइडला हे माहीत होतं. चढण सुरू व्हायच्या आधी तिनं स्वतःच ते सांगून टाकलं आणि मग दीड तास बोलली.

अवशेष सकाळी पाहा आणि ऊन चढलं की संग्रहालयात शिरा. तिथला ब्राँझचा सारथी चुकवू नका. सिसिलीतल्या जेला नगराच्या सत्ताधीशानं रथशर्यत जिंकल्यावर अर्पण केलेला. काचेचे आणि दगडाचे डोळे शाबूत, तांब्याच्या पापण्यासुद्धा. भूकंपात दरड कोसळून तो गाडला गेला, म्हणून वितळवण्यातून वाचला आणि 1896 साली सापडला.

अथेन्सला परतल्यावर विमानाला अवकाश असेल तर सुनियनच्या टोकावरचं पॉसायडनचं देऊळ पाहून या. हा ग्रीक समुद्रदेव आपल्याला अगदीच परका नाही. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर त्याची छोटी ब्राँझची मूर्ती सापडली, ती टाउन हॉल संग्रहालयात आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहातले काही खांबही धेनुकाकट या गावच्या यवनांनी, म्हणजे त्या काळच्या भाषेत ग्रीकांनी, दान केलेले आहेत, तसं खांबांवर लिहिलेलंच आहे.

आता थोडं कामाचं. क्रूझ तुर्कस्तानात थांबत असेल तर तुम्ही शेंगेन क्षेत्राबाहेर, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांबाहेर, जाऊन परत येता, तेव्हा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा व्हिसा मागा. एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर धरा. जुलै-ऑगस्टमध्ये पारा चाळिशी गाठतो आणि कधीकधी अ‍ॅक्रोपोलिस भर दुपारी बंद ठेवतात. लाखो पावलांनी तिथला संगमरवर गुळगुळीत झाला आहे, चपला नकोत, पकड असलेले बूट हवेत. अ‍ॅक्रोपोलिसचं तिकीट आता वेळेनुसार मिळतं. सकाळी आठची वेळ घ्या. क्रूझच्या बसगाड्या दहाच्या सुमारास पोचतात, तोवर तुम्ही पार्थेनॉन पाहून खालच्या संग्रहालयाकडे निघालेले असाल.

नमस्कार.